जुन्या पेट्रोल गाडीचे स्पार्क प्लग आणि कॉइल घरी बदलताना: आधी काय, नंतर काय, आणि कुठं थांबायचं

पुलाच्या चढावर गाडी झटके मारायला लागली, सिग्नलला थांबल्यावर स्टेअरिंग थरथरायला लागलं, की निदान ठरलेलं असतं, "कॉइल गेली." मग एक कॉइल (स्पार्क प्लगला ठिणगीसाठी व्होल्टेज देणारा भाग) आणून टाकतात, गाडी थोडे दिवस बरी चालते, परत मिसिंग (एखाद्या सिलेंडरमध्ये पेट्रोल नीट न जळणं) सुरू, मग दुसरी कॉइल. असं होतं कारण प्लग तसेच जुने राहिलेले असतात. प्लगचं टोक झिजलं की ठिणगी जिथं उडते तो गॅप वाढतो, वाढलेल्या गॅपमध्ये ठिणगी उडवायला कॉइलला जास्त व्होल्टेज तयार करावं लागतं, ती जास्त तापते आणि तिचं आतलं इन्सुलेशन हळूहळू फुटतं. जुन्या प्लगवर नवीन कॉइल बसवली की तिचंही आयुष्य कमीच होणार. म्हणून आधी प्लग, मग निदान, आणि खरंच लागली तर कॉइल, हा क्रम सोडू नका. आणि घरी काम करताना जे मोठं नुकसान होतं ना, त्याचं मूळ बहुतेक वेळा पाना लावायच्या आधीच असतं, एक म्हणजे गरम इंजिन आणि दुसरं न साफ केलेला प्लगचा खड्डा, म्हणजे प्लग ज्या खोल भोकात बसतो ते.

हे सगळं प्रत्येक सिलेंडरवर वेगळी कॉइल असलेल्या गाड्यांना धरून लिहितोय, म्हणजे २०१० च्या आसपासच्या मारुतीच्या के-सिरीज इंजिनच्या स्विफ्ट, रिट्झ, वॅगनआर, अल्टो के१० आणि त्या धर्तीच्या इतर पेट्रोल गाड्या. यातल्या वॅगनआर आणि अल्टो के१० तीन सिलेंडरच्या, तिथं खाली जिथं चार म्हटलंय तिथं तीन समजा. वायरवाल्या, म्हणजे प्रत्येक प्लगला वायरनं करंट जाणाऱ्या, त्याहून जुन्या गाड्यांचं खाली वेगळं सांगितलंय. डिझेल गाडीत स्पार्क प्लग नसतो, तिथला ग्लो प्लग ही वेगळी वस्तू आहे, त्याला यातलं काही लावू नका.

१. आधी कोड वाचा, मगच दुकानात जा

चेक लाईट लागली असेल तर ब्लूटूथचा स्कॅनर लावून कोड बघा. पी०३०१ ते पी०३०४ म्हणजे अनुक्रमे एक ते चार नंबरच्या सिलेंडरमध्ये मिसफायर (म्हणजेच मिसिंग), पी०३०० म्हणजे कुठल्या एका सिलेंडरवर बोट ठेवता येत नाही असा मिसफायर, आणि पी०३५१ ते पी०३५४ म्हणजे त्या त्या कॉइलच्या सर्किटमध्ये गडबड. शेवटच्या प्रकारात कॉइलच गेली असं लगेच धरू नका, कनेक्टर सैल असला किंवा वायर उंदरानं कुरतडलेली असली तरी हाच कोड येतो.

स्कॅनर आपल्या गाडीला लागेल का असं बरेच जण विचारतात. स्कॅनर लावायची सोय नव्या गाड्यांत बीएस-४ या प्रदूषणाच्या नियमांबरोबर आली. १ एप्रिल २०१० ला ज्या १३ शहरांत बीएस-४ लागू झालं त्यात आपलं सोलापूर होतं, त्यामुळं त्यानंतर नवी घेतलेली एमएच-१३ पासिंगची पेट्रोल गाडी असेल तर लागायची शक्यता चांगली आहे, आणि २०१३ नंतरची असेल तर चिंताच नको. कोड सापडला की कागदावर लिहून ठेवा, डिलीट करायची घाई करू नका.

थांबा: चेक लाईट नुसती पेटलेली नसून लुकलुकत असेल तर गाडी तशीच पळवू नका. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या लाईनमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो आतून वितळतो. त्याची किंमत चारही कॉइलच्या वर जाते.

२. सामान आधी जमवा, सगळं

इंजिन उघडं टाकून मग नवी पेठेत पार्ट शोधत फिरायचं नाही. हे लागतं:

- प्लगचा सॉकेट, आत रबर किंवा चुंबक असलेला. बहुतेक गाड्यांना १६ मिमी, काहींना १४, जुन्यांना २१.
- रॅचेट आणि लांब एक्स्टेन्शन, कारण प्लग खोल असतो.
- कॉइलच्या बोल्टसाठी १० मिमीचा गोटी पाना, बॅटरीलाही बहुधा तोच चालतो.
- फिलर गेज (गॅप मोजायच्या पातळ पात्या), टॉर्च, स्वच्छ सुती फडकी.
- डायइलेक्ट्रिक (वीज न वाहू देणाऱ्या) ग्रीसची छोटी ट्यूब. बेअरिंगचं साधं ग्रीस चालत नाही, रबर खराब होतं.
- टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानंच आवळता येणारा पाना), ओळखीच्या मिस्त्रीकडून तासाभरासाठी मिळाला तर फारच उत्तम.

प्लग घेताना गाडीच्या मॅन्युअलमधला नंबर घेऊन जा, "मालक, स्विफ्टचे प्लग द्या" एवढं सांगून चालत नाही, एकाच नावाच्या गाडीत वेगवेगळी इंजिनं येऊन गेलीत. आणि चारही प्लग एकदम बदला, एक-एक नाही.

इथं एक गैरसमज फार पसरलाय. सोलापूरचं ऊन ४३-४४ डिग्रीला जातं म्हणून "थंड" नंबरचा प्लग टाकावा असं लोक सांगतात. करू नका. प्लगचा थंड-गरमपणा हा ज्वलनकक्षातली उष्णता प्लग किती लवकर बाहेर टाकतो त्यावर ठरतो, बाहेर ४४ डिग्री असो की १४, आतल्या तापमानापुढं तो फरक काहीच नाही. उलट सात रस्ता ते होटगी रोड अशा छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत थंड प्लग स्वतःवरची काजळी जाळण्याइतका तापतच नाही आणि काळा पडतो. वर आणि एक घोळ असा की एनजीकेमध्ये आकडा मोठा म्हणजे प्लग थंड, आणि बॉशमध्ये आकडा मोठा म्हणजे प्लग गरम. त्यामुळं कंपनी बदलताना आकडा जुळवू नका, त्या कंपनीच्या यादीत आपली गाडी शोधा.

तपासा: नकली प्लग बाजारात भरपूर आहेत. चारही खोकी उघडून प्लग शेजारी शेजारी धरा. चिनीमातीवरची छपाई बोटानं घासून निघते का, आटे खरखरीत आहेत का, चौघांचे गॅप डोळ्याला वेगवेगळे दिसतात का. काहीही खटकलं तर परत करा. आणि बिल घ्याच.

३. वेळ आणि जागा

इंजिन थंडगार पाहिजे. हेड (इंजिनचा वरचा भाग, ज्यात प्लग बसतो) ॲल्युमिनियमचं, प्लग लोखंडाचा, गरम असताना ॲल्युमिनियमचे आटे मऊ असतात आणि प्लग फिरवताना तेच आटे सोलून बाहेर येतात. हे झालं की प्लगचं थोडक्यात होणारं काम हेड उतरवण्यापर्यंत जातं. रात्री गाडी लावा, सकाळी सहाला काम सुरू करा. एप्रिल-मे मध्ये तर दुपारी उन्हात उभी असलेली गाडी न चालवता पण एवढी तापलेली असते की हात लावता येत नाही, तेव्हा "कालपासून बंद आहे की" हे कारण सांगून बाराला बॉनेट उघडू नका.

सावलीत, सपाट जागी, हँडब्रेक ओढून, चावी काढून खिशात. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून बाजूला. वारा सुटला असेल तर उघड्यावर काम नको, आपल्याकडची धूळ कशी असते ते सांगायला नको.

४. कव्हर काढणे आणि खड्डा साफ करणे

घाईत वगळतात ती ही पायरी. वरचं प्लास्टिक कव्हर आणि आड येत असेल तर एअर फिल्टरचा पाईप काढा. पाईप काढल्यावर इंजिनचं जे तोंड उघडं पडतं त्यावर स्वच्छ फडकं गुंडाळून ठेवा, बारकं फडकं आत कोंबू नका, ते विसरतं.

आता कॉइलच्या आजूबाजूची धूळ ब्रशनं झाडा. मग कॉइल काढल्यावर, पण प्लग काढायच्या आधी, खड्ड्यात टॉर्च मारून बघा. तळाशी बारीक माती, वाळू, एखादं वाळलेलं पान असतंच. प्लग निघाला की हे सगळं सरळ सिलेंडरमध्ये पडणार आणि पिस्टनबरोबर वरखाली होऊन भिंतीवर चरे पाडणार. पंक्चरवाल्याच्या कंप्रेसरची हवा मिळाली तर सोन्याहून पिवळं, नाहीतर पायपंपाला बारीक नळी लावून हवा मारा. डोळ्यावर गॉगल घाला, सगळा कचरा तोंडावर उडतो.

थांबा: खड्ड्यात तेल साचलेलं दिसलं तर नवीन कॉइल टाकून उपयोग नाही. वरच्या कव्हरचं पॅकिंग किंवा प्लगच्या नळीचा सील गळतोय. तेलानं कॉइलच्या खालचं रबर फुगतं, मऊ पडतं, आणि ठिणगी प्लगच्या टोकाला न जाता बाजूनं इंजिनच्या बॉडीला उडते. जुळे सोलापुरात एका काकांच्या गाडीला एकाच सिलेंडरची कॉइल गॅरेजमध्ये दोनदा बदलून झाली होती, शेवटी खड्ड्यात टॉर्च मारला तर प्लग निम्मा तेलात बुडालेला. सील आणि पॅकिंग बदललं, कॉइल पुसून तीच बसवली, रबर तेवढं नवीन. आधी गळती बंद करा, मग पुढचं.

खड्ड्यात पाणी असेल तर सर्व्हिसिंगला प्रेशरचं पाणी इंजिनवर मारलंय हे समजून जा. धुतल्याच्या दुसऱ्या दिवशी मिसिंग सुरू झालं असेल तर बऱ्याचदा एवढंच कारण असतं, पाणी काढा, वाळवा, मग बघा.

५. कॉइल काढणे

एका वेळी एकच सिलेंडर. चारही कॉइल, चारही प्लग काढून रांग लावायची हौस नको, चार भोकं एकदम उघडी म्हणजे चार ठिकाणी काही ना काही पडायची संधी.

कनेक्टरचं लॉक दाबा आणि कनेक्टर धरून ओढा, वायर धरून नाही. दहा-बारा वर्षं उष्णता खाल्लेलं प्लास्टिक बिस्किटासारखं तुटतं. लॉक हलत नसेल तर कनेक्टर आधी थोडा आत ढकला, मग लॉक दाबा, सुटतो. लॉक तुटलंच तर वायर-टायनं बांधून "चालतंय की" म्हणू नका, सैल कनेक्टरमुळं येणारं मिसिंग शोधायला सगळ्यात अवघड, कारण ते रस्त्यावरच्या खड्ड्यात गाडी आदळली तरच येतं.

बोल्ट काढला की कॉइल सरळ वर उपसू नका. आधी डावी-उजवीकडं थोडी थोडी फिरवून रबर प्लगवरून सुटू द्या, सुटल्याचं हाताला कळतं, मग सरळ वर. एकदम ओढली तर रबराचं तळाचं टोक फाटून खाली प्लगवरच राहतं. कॉइल निघाली की तिला नंबरचा चिकटपट्टीचा तुकडा लावा. १, २, ३, ४, ज्या सिलेंडरची तो नंबर. पुढं कॉइलची अदलाबदल करायची वेळ आली तर हाच कामाला येतो.

तपासा: रबरावर आणि प्लगच्या पांढऱ्या भागावर काळी, केसासारखी उभी रेघ आहे का? असेल तर ठिणगी तिथून पळत होती. पुसून चालत नाही, प्लग आणि रबर दोन्ही बदला. पांढऱ्या भागाच्या खालच्या कडेला गोलाकार तपकिरी छटा असेल तर ते मात्र नॉर्मल आहे, त्यावरून घाबरू नका.

६. जुना प्लग काढणे

सॉकेट पूर्ण खाली बसलाय याची खात्री करा, तिरका असला तर वरची चिनीमाती तडकते. एक झटका देऊन सैल करा आणि पुढं हळू. सुटल्यावर प्लग हातानं फिरला पाहिजे. मधेच परत घट्ट व्हायला लागला तर जोर लावू नका, अर्धा आटा परत आत घ्या, आट्यांवर दोन थेंब पेनिट्रेटिंग ऑइल सोडा, वीस मिनिटं थांबा, मग पुढं-मागं करत बाहेर काढा. तरीही अडला तर गाडी मिस्त्रीकडं. इथं थांबण्यात कमीपणा काहीच नाही, आटे गेले तर हेडमध्ये नवीन आट्यांची बुश बसवायला लेथवाल्याकडं जावं लागतं.

७. जुन्या प्लगकडं नीट बघा

फेकायच्या आधी चारही प्लग नंबराप्रमाणे ओळीत ठेवा. इंजिनच्या आत काय चाललंय ते इथं फुकटात दिसतं.

टोक फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर सगळं ठीक. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय किंवा त्या सिलेंडरला ठिणगीच नीट मिळत नाहीये, एअर फिल्टर पण बघून घ्या. काळं आणि तेलकट ओलं असेल तर तेल आत येतंय, पिस्टन रिंग किंवा व्हॉल्व्ह सील. पांढरंफटक, फोड आल्यासारखं असेल तर प्लग फार तापतोय, हवेची गळती, कमी पेट्रोल किंवा चुकीच्या नंबरचा प्लग. चारपैकी एकच वेगळा दिसत असेल तर त्या सिलेंडरचा नंबर आणि मघाशी लिहून ठेवलेला कोड जुळवून बघा.

८. गॅप मोजणे

"कंपनीतून सेट होऊन येतो" हे अर्धं खरं आहे. रस्त्यात खोकं पडलं की गॅप बदलतो. एनजीकेच्या नंबरच्या शेवटी १० असेल तर १.० मिमी, ११ असेल तर १.१ मिमी, पण अंतिम शब्द गाडीच्या मॅन्युअलचा. फिलर गेजची पाती गॅपमधून हलकी घासत गेली पाहिजे. साध्या प्लगला गरज असली तर फक्त बाहेरचा वाकडा पत्रा किंचित वाकवा, मधल्या टोकाला जोर लागू देऊ नका. इरिडियमचं मधलं टोक फार बारीक असतं, त्याला नाण्यासारखं गोल गेज घालून फाकवू नका, तुटतं. गॅप चुकीचा निघाला तर तो प्लग बदलून घ्या.

खाली सिमेंटवर पडलेला प्लग वापरू नका. बाहेरून दिसत नाही पण आतली चिनीमाती तडकलेली असू शकते.

९. नवीन प्लग बसवणे

रॅचेट बाजूला ठेवा. नुसता सॉकेट आणि एक्स्टेन्शन घेऊन प्लग हळूच खाली सोडा, वरून टाकू नका, गॅप दबतो. एक्स्टेन्शन दोन बोटांनी धरून आधी उलट्या दिशेनं फिरवा, आटा जुळला की प्लग किंचित खाली बसल्याचा हलका टिक हाताला कळतो, तिथून सुलट फिरवायला लागा. शेवटपर्यंत दोन बोटांनीच. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांतच जड गेला म्हणजे आटा तिरका चढलाय, लगेच बाहेर काढा आणि परत सुरुवात करा. "पान्यानं घेतो ओढून" म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

प्लग टेकला की मग टॉर्क. १४ मिमी आट्याचा, वायसर असलेला प्लग ॲल्युमिनियम हेडला साधारण २५ ते ३० न्यूटन-मीटर, १२ मिमीचा १५ ते २०. टॉर्क रेंच नसेल तर नवीन वायसरचा प्लग टेकल्यापासून अर्धा फेरा, फार तर पाऊण फेऱ्याच्या अलीकडं. वायसर दबताना हाताला मऊ लागतं आणि मग एकदम कडक, त्या कडकपणाला थांबायचं. वायसर नसलेला, कोनाच्या बैठकीचा प्लग असेल तर टेकल्यावर फेऱ्याचा सोळावा भाग फक्त. यात सगळ्यात जास्त गोंधळ होतो, त्याला अर्धा फेरा दिला की पुढच्या वेळी तो निघत नाही.

आट्यांना ग्रीस, ऑइल, अँटी-सीझ काही लावू नका. आजकालच्या प्लगच्या आट्यांवर कोटिंग असतं. आटे निसरडे झाले की त्याच टॉर्कला प्लग प्रत्यक्षात जास्त आवळला जातो.

सैल पण ठेवू नका. सैल प्लगची उष्णता हेडमध्ये जात नाही, तो तापून लाल होतो आणि कंप्रेशन गळतं ते वेगळंच.

१०. कॉइल परत

रबराच्या तोंडात आतून डायइलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ थर, बोटानं फिरवून, जादाचं पुसून टाका. आतल्या स्प्रिंगला नको. कॉइल सरळ दाबा, प्लगवर बसल्याचं जाणवतं. बोल्ट हलक्या हातानं, त्याचे आटे पण ॲल्युमिनियमचेच आहेत. कनेक्टर "टक" होईपर्यंत आणि मग एकदा हलकं मागं ओढून बघा. झालं की पुढचा सिलेंडर.

११. स्टार्ट आणि ट्रायल

फडकं काढलं का, पाईप बसवला का, पाने मोजले का. बॅटरी जोडा, स्टार्ट करा, एसी बंद ठेवून काही मिनिटं आयडलवर राहू द्या, बॅटरी काढल्यामुळं सुरुवातीला आयडल थोडं वरखाली होतं. कोड क्लिअर करा.

मग ट्रायल. सपाट रस्त्यावर गाडी गुळगुळीत चालली म्हणून काम झालं असं नाही, कमकुवत कॉइल लोड आल्यावरच पकडली जाते कारण सिलेंडरमध्ये दाब वाढला की ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं. तुळजापूर घाटात जा किंवा कुठल्याही पुलाच्या चढावर वरच्या गिअरमध्ये कमी स्पीडला ॲक्सिलरेटर दाबा. इथं झटका नाही आला तर ठीक.

१२. तरीही मिसिंग असेल तर

आता कॉइलची पाळी. समजा कोड पी०३०२ आहे. दोन नंबरची कॉइल तीनला आणि तीनची दोनला लावा, कोड क्लिअर करून परत फिरा. कोड पी०३०३ झाला तर कॉइल गेलीय, नवीन घ्या. पी०३०२ च राहिला तर कॉइल निर्दोष आहे, त्या सिलेंडरचा इंजेक्टर, वायरिंग आणि कंप्रेशन बघायला लागेल. ही अदलाबदल फुकट आहे, पण ती न करता चार कॉइलचे पैसे घालवणारे लई बघितलेत.

मल्टिमीटरवर अवलंबून राहू नका. दोन पिनच्या कॉइलची ओम मोजता येते, पण तीन-चार पिनच्या बऱ्याच कॉइलमध्ये आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं, तिथं येणाऱ्या आकड्याला अर्थ नाही. शिवाय थंड असताना बरोबर दाखवणारी कॉइल तापल्यावर दगा देते.

थांबा: प्लग बाहेर काढून बॉडीला टेकवून "ठिणगी बघूया" हा प्रकार बंद करा. वीस-तीस हजार व्होल्ट असतात, गॅप चुकला तर कॉइल किंवा ईसीयू (गाडीचा कॉम्प्युटर) जातो, आणि शेजारच्या उघड्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येत असते. पेट घ्यायला वेळ लागत नाही.

गॅस किट असेल तर

एलपीजी-सीएनजीवर ठिणगी उडवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळं प्लग झिजला की ते पहिलं गॅसवर कळतं. पेट्रोलवर बरी आणि गॅसवर झटके, असं असेल तर किटला दोष द्यायच्या आधी प्लग बघा. गॅप पेट्रोलपेक्षा थोडा कमी ठेवतात, किटच्या पुस्तकात असेल तो आकडा धरा. आणि प्लग पेट्रोल गाडीपेक्षा लवकर तपासत जा.

वायरवाल्या जुन्या गाड्या

क्रम तोच, फक्त एका वेळी एकच वायर काढा. चार सिलेंडरच्या बहुतेक गाड्यांत फायरिंग ऑर्डर (सिलेंडरना ठिणगी मिळायचा क्रम) १-३-४-२ असते आणि दोन वायरी उलट्या लागल्या की गाडी स्टार्टच होत नाही किंवा कार्ब्युरेटरमधून फटाके मारते. वायर ओढायची ती रबराला धरून. रात्री अंधारात बॉनेट उघडून चालू इंजिन बघा, लांबूनच, हात न लावता. वायरवरून निळसर ठिणग्या पळताना दिसल्या तर सगळ्या वायरींचा सेट बदला, आणि डिस्ट्रिब्युटर असेल तर त्याचं कॅप आणि रोटर पण बघून घ्या, आत हिरवट-पांढरा थर धरलेला असतो.

अदलाबदल करताना चांगली ठरलेली पण जुनी झाली म्हणून काढलेली एखादी कॉइल असेल तर भंगारात टाकू नका. फडक्यात गुंडाळून १० मिमीच्या गोटी पान्यासकट डिकीत ठेवा, पुण्याच्या रस्त्याला रात्री एक सिलेंडर बंद पडला तर टेंभुर्णीपर्यंत ढकलत न्यायची वेळ येत नाही.